पेन्सिलमावशीनं रिकामी केलेली गल्ली

कल्पना करा, तुमच्या हातात तळहाताएवढी काच आहे, जुन्या कॅमेऱ्यातली निगेटिव्ह. तिच्यात एक गल्ली आहे, पण उलटी: आकाश काळं, सावल्या पांढऱ्या, माणसांचे चेहरे कोळशासारखे. दुसऱ्या हातात सुईसारखं टोक काढलेली पेन्सिल. चालता चालता धुरकट उमटलेल्या एका माणसाच्या अंगावर तुम्हाला बारीक ठिपके भरत जायचंय, तो रस्त्याच्या रंगात विरून जाईपर्यंत. श्वास सोडायचा तोही मान वळवून.

हे काम पेन्सिलमावशीनं एकतीस वर्षं केलं, आमच्याच गल्लीच्या तोंडाशी असलेल्या फोटो स्टुडिओत. स्टुडिओ गल्लीची चित्रकार्डं विकायचा आणि ती स्वच्छ, रिकामी लागायची. स्टुडिओचे मालक, मास्तर, सांगायचे, "घरं ठेव, हललेली माणसं काढून टाक." मावशीनं सायकलवाले काढले, भांडणाऱ्या शेजारणी काढल्या.

"कुत्रीसुद्धा," ती सांगते. "एकाची शेपटी राहिली. कार्डावर नुसती शेपटी! मास्तर दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत."

यंदा रहिवाशांनी जुन्या फोटोंचं प्रदर्शन भरवायचं ठरवलं. काचा स्कॅन करायचं काम माझ्याकडे आलं, ओळखायचं तिच्याकडे. दुपारी तिच्या स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून ती एकेक काच खिडकीच्या उजेडात धरायची आणि घरं वाचत जायची. इथे शिंपी. इथे दोन जिने. हे निळं दार. काचेत निळं कुठून दिसणार? पण तिनं निळं म्हटलं, की लगेच मलाही निळंच दिसायचं. बाहेरची खरी गल्ली मग जरा खोटी वाटायला लागायची.

एका काचेशी मात्र ती अडली. भिंतीवर एक तिरपी रेघ उरली होती, मधे गाठ मारलेली.

"हा पट्टा," ती म्हणाली. "बाबांच्या पिशवीचा. तुटला होता, तर त्यांनी गाठ मारली होती."

तिचे वडील पोस्टमन. याच गल्लीत त्यांनी जन्मभर पत्रं वाटली. कॅमेरा दिसला की सटकायचे, म्हणून घरात त्यांचा एकही फोटो नाही.

"ताई, तू बाबांनाच खोडलंस की काय?" समोर बसलेला तिचा धाकटा भाऊ हसत म्हणाला, मग हसू आवरून त्या रेघेवर वाकला.

"उलट्या काचेत सगळे सारखेच दिसतात रे. मी चेहरे बघतच नव्हते. कडा बघायचे."

पेन्सिल टर्पेंटाइननं निघते. पण काच जुनी. खालचा चित्राचा थर सुटला तर सगळंच जाणार. मी आधी स्कॅन करून ठेवलं. गल्ली तेवढी वाचली असती, बाबा नसते वाचले. मावशीनं कापूस भिजवला, मान वळवून श्वास सोडला आणि पुसायला सुरुवात केली.

थर टिकला. स्क्रीनवर काच सुलट केली, तर धुक्यातून यावी तशी आधी टोपी आली, मग गाठीचा पट्टा, मग मिशी.

"बाबाच," भाऊ म्हणाला.

मी चित्र मोठं केलं. "मावशी, हे चालत नाहीयेत. पाय अगदी स्पष्ट आलेत. हललाय फक्त हात."

"बाबा आणि वाटेत उभे? पाणी प्यायलासुद्धा थांबायचे नाहीत ते!" भाऊ पुढे झुकला. "सरळ कॅमेऱ्याकडे बघतायत. मास्तरांना हात करतायत."

"मास्तरांचं तोंड बघायचे नाहीत ते," मावशी म्हणाली. "मला स्टुडिओत कामाला घेतलं तेव्हापासून."

"मग कोणाला?"

मावशीनं चष्मा काढला. स्क्रीनकडे बघतच ती बोलली.

"फोटो काढताना कॅमेऱ्यावरचं काळं कापड धरायला मास्तर कधीमधी मला न्यायचे. नेहमी नाही. एवढं सगळं लक्षात आहे, ही दुपारच कशी नाही? मी होते का रे तिथे, कॅमेऱ्याशेजारी?"