माझ्या बाळंतपणाची खुशी

मी बाळंत झाले होते, पण नाळ कापायची कातर माझ्या सासूच्या मांडीखाली होती.

पोरगी झाली होती. रडून झाली होती. रडून दमली आणि माझ्या पोटावर झोपलीसुद्धा. नाळ मात्र तिच्यात आणि माझ्यात तशीच, म्हशीच्या दाव्यासारखी. पायाशी सरकारी दवाखान्याच्या नर्सबाई दोरा बांधून हात पुढे करून बसलेल्या. कमरेशी आत्याबाई, म्हणजे माझी सासू, कातरीवर मांडी घालून बसलेली.

"कातर द्या," नर्सबाई म्हणाल्या.

"आधी घ्या," आत्याबाई म्हणाली.

"मी घेणार नाही."

"मंग मी देणार नाही."

घ्यायचं होतं ते म्हणजे एक चांदीचा रुपया आणि एक हिरवं लुगडं. आमच्या देऊळघाटच्या घरात तेव्हा पद्धत अशी होती की नाळेखाली रुपया ठेवायचा, त्यावर नाळ कापायची आणि तो रुपया कापणारीनं खुशीनं उचलायचा. वर लुगडं. ही दाईची खुशी. दाई खूश होऊन उठली तर पोर जगतं, नाराज उठली तर जगत नाही, असं आत्याबाईचं म्हणणं. हे तिनं कुठून ऐकलेलं नव्हतं, तिच्या अंगावर आलेलं होतं. तिची दोन पोरं लागोपाठ गेली होती आणि दोन्ही वेळा माझ्या सासऱ्यानं दाईला रिकाम्या हातानं घालवलं होतं. (पोरं तापानं गेली हे अख्ख्या गावाला माहीत होतं. पण आत्याबाईला ते सांगेल असा माणूस गावात जन्मला नव्हता.)

त्यामुळे माझे दिवस भरत आले तशी तिनं तयारी केली. मुलगा झाला तर लुगडं आणि मुलगी झाली तर नुसता खण, असा गावाचा रिवाज. आत्याबाई म्हणाली, "काही झालं तरी लुगडंच." एवढा मोठेपणा तिनं माझ्या लग्नातही दाखवला नव्हता.

नेमकं त्याच सुमाराला गावात नर्सबाई यायला लागल्या. महाराष्ट्र नवा नवा झाला होता आणि सरकार घराघरात शिरत होतं. नर्सबाई मूळ बीबी गावच्या, बौद्ध घरातल्या, अंगानं किरकोळ, आवाजानं मास्तर. सायकलवर यायच्या. बाई सायकलवर बसते हे बघायलाच अर्धं गाव ओट्यावर यायचं. आमच्या ह्यांनी, म्हणजे नवऱ्यानं, आईला न विचारता सकाळीच त्यांना बोलावून आणलं. आत्याबाईला आधी शिवाशिव आठवली. मग माझ्या कळा वाढल्या आणि ती विसरली. मी जितकी ओरडले तितकी ती विसरत गेली.

गावची जुनी दाई गंगूही आली. तिला कोणी बोलावलं नव्हतं. ती दारातल्या खांबाला टेकून तंबाखू मळत बसली आणि म्हणाली, "मी काही करत नाही व माय. मी फक्त पाहून राह्यली."

पोरगी बाहेर येईपर्यंत सगळं ठीक होतं. नर्सबाईनं दोरा बांधला, उकळलेली कातर घेतली, तेवढ्यात आत्याबाईनं नाळेखाली रुपया सरकवला.

नर्सबाईनं तो काढून बाजूला ठेवला. "हे घाण असतं. धनुर्वात होईल."

आत्याबाईनं परत ठेवला. नर्सबाईनं परत काढला. मी खालून बघत होते. मला वाटलं, आता दोघी फुगडी घालतात.

"घाण हाय म्हणता नं?" आत्याबाई म्हणाली. "गंगू, तो चुलीवरचा टोप आण."

आणि तिनं रुपया उकळला. कातरीसाठी ठेवलेल्या पाण्यात टाकून, पळीनं ढवळून, भाजी शिजली का बघावं तसं दोनदा वर काढून बघितला. मग स्वच्छ फडक्यात धरून नर्सबाईपुढे आणला. "आता तं झालं?"

नर्सबाईनं रुपया निरखून बघितला. उकळलेल्या रुपयाबद्दल त्यांना सरकारनं काही शिकवलेलं नसावं. "ठेवा," म्हणाल्या. "फडक्यासकट ठेवा. पण मी तो उचलणार नाही."

"काऊन?"

"मला पगार आहे."

"पगार सरकारचा. खुशी माही."

"पगार असताना वरचं घेणं बरोबर नाही, बाई."

"चोरीचं नाही, हरामाचं नाही, खुशीचं हाय. लुगडं पाहा तरी. बुलढाण्याच्या बाजारातून आणलं."

"लुगडं चांगलं आहे. पण नको."

इथं आत्याबाईनं नर्सबाईची खाली ठेवलेली कातर उचलली, मांडीखाली घातली आणि वर बसली. मी जिथून सांगायला सुरुवात केली, ती जागा ही.

बाहेरून ह्यांचा आवाज आला, "आई, काय झालं व?"

"पोरगी."

"मंग आवाज काऊन नाही येऊन राह्यला?"

"झोपली."

"अन् थे?" थे म्हणजे मी.

"थे जागी हाय," आत्याबाई म्हणाली. माझ्या तब्येतीची त्या दिवशी झालेली ही पहिली चौकशी. तीही माझ्याकडे न बघता.

भानगड कळल्यावर हे दाराआडूनच म्हणाले, "मंग रुपया देवाजवळ ठेवून दे."

"नाळ देव कापून राह्यला काय?" आत्याबाई म्हणाली. "तू गप्प बस बे."

मग नर्सबाईनं जरा खालच्या आवाजात सांगितलं. "माझी आई दाई होती. बीबीत अर्धी पोरं तिच्या हातची. लोक तिला लुगडं द्यायचे, पण हातात नाही. वरून टाकायचे. ती पदर पसरून झेलायची. मी शिकले ती झेलाझेल बंद व्हावी म्हणून. माझा पगार मी सही करून घेते."

मला वाटलं, सुटलो.

आत्याबाईनं थोडा विचार केला. मग लुगडं दोन्ही हातांत धरून नर्सबाईच्या अगदी मनगटाला लागेपर्यंत पुढे केलं. "मी कुठं टाकून राह्यली? हातात देऊन राह्यली. घ्या."

"हातातसुद्धा नको."

"तुमाले शिवून देऊन राह्यली व मी!"

ती किती मोठी गोष्ट करत होती हे तिलाही कळत होतं आणि नर्सबाईलाही. पण दोघींपैकी एकही मागे सरकली नाही. अशा बाया सैन्यात घेत नाहीत, म्हणून शेजारचे देश टिकून आहेत.

शेवटी आत्याबाईनं दुसरा उपाय काढला. मान वळवून म्हणाली, "गंगू, तू ये. तू घे. तू पण दाईच हायस. नर्सबाई कापतीन, तू उचल."

गंगूनं तंबाखू तोंडात टाकली. सावकाश दाबली. "मी नाही घेत."

"तुले काय झालं आता?"

"माह्या हातानं काम झालं नाही. मी काय भिकारीण हाव? त्या टायमाले दोनदा म्या काम केलं, तं तुह्या बुढ्यानं काही देलं नाही. आता काम नाही केलं तं देऊन राह्यली. तुमच्या घरचा हिसाबच उलटा हाय."

"आता तं बुढेही मेले व गंगू."

"मेले म्हणून माफ नाही केलं म्या."

आत्याबाईचं तोंड पडलं. त्या दोन पोरांची दाई ही गंगूच होती. म्हणजे आता खोलीत एक दाई जुनी नाराज आणि एक दाई नवी नाराज. आत्याबाईच्या हिशोबानं माझी पोरगी दोन्ही बाजूंनी गेलीच होती. ती लुगड्याची घडी मोडून परत घालायला लागली. मला तिची दया यायला हवी होती. पण मला अंगात थंडी भरली होती. दात वाजत होते, नाळेमागची वार पडायची बाकी होती आणि पाठीखाली गोधडीची गाठ रुतत होती. अशा वेळी दया येत नाही.

नर्सबाईनं माझ्या कपाळाला हात लावला आणि त्यांचा मास्तरी आवाज परत आला. "बाईला थंडी वाजते आहे. आता पुरे. कातर द्या. नाहीतर पिशवीत उकळून ठेवलेली ब्लेडची पत्ती आहे, ती काढते."

"काढा," आत्याबाई म्हणाली आणि नाळेवर तळहात ठेवला. "आधी माहा हात कापा."

तिनं ते नाटकासाठी म्हटलं नव्हतं. तिला तसंच वाटत होतं. नर्सबाईनं पत्ती काढली आणि हातात धरून बसल्या. पुढे काय करायचं हे त्यांनाही ठाऊक नव्हतं. पोरगी जागी झाली आणि तिनं जीव खाऊन सूर लावला. बाहेरून हे विचारायला लागले, "आता काय झालं? आता काय झालं?" आणि मला एकाएकी भयंकर राग आला. सकाळपासून मी त्या खाटेवर होते, आणि सगळ्या जणी माझ्या अंगावरून बोलत होत्या. जशी काही मी सोप्यातली ज्वारीची कणगी.

"आणा तो रुपया इकडे," मी म्हटलं.

आत्याबाईला नीट ऐकू आलं नसावं. "काय?"

"मले द्या. मी घेतो. लुगडंही द्या."

"तू? तू कशी घेशीन? तू तं बाळंतीण."

"मंग काम कोणं केलं?" मी म्हटलं. "सकाळपासून कळा कोणं काढल्या? तुम्ही काढल्या? नर्सबाईनं काढल्या? ज्यानं काम केलं त्यानं खुशी घ्यावी, असंच हाय नं तुमचं? मंग आणा."

सगळ्यात आधी गंगू हसली. तंबाखू घशात गेली आणि तिला ठसका लागला. ठसक्यातच म्हणाली, "बरोबर बोलून राह्यली पोरगी."

आत्याबाईनं नर्सबाईकडे बघितलं. जन्मात पहिल्यांदा ती कोणाला तरी विचारत होती.

"खरं आहे," नर्सबाई गंभीरपणे म्हणाल्या. "काम त्यांनीच केलं. मी फक्त धरलं."

आत्याबाईनं बराच वेळ रुपया बोटांत फिरवला. मग माझ्यावर वाकली आणि न्यायाधीशासारखं विचारलं, "पण खुशीनं घेतलं पाहिजे. तू खूश हायस काय?"

"लई खूश हाव," मी दात वाजवत म्हटलं. "कापा."

इतकी खूश मी लग्नात हार घालतानाही नव्हते.

रुपया फडक्यासकट नाळेखाली गेला. नर्सबाईनं पत्तीनं नाळ कापली. (कातर तशीच मांडीखाली राहिली. ती आत्याबाईला उठताना टोचली, तेव्हा आठवली.) मी हात लांब करून रुपया उचलला, मुठीत घट्ट धरला, आणि लुगडं छातीवर ठेवून घेतलं. एका हाताला पोरगी, दुसऱ्या हाताला कमाई. थोड्या वेळानं वारही नीट पडली.

मग आत्याबाईनं चहा केला. नर्सबाईसाठी वेगळा कप शोधायला ती गेली नाही, घरातल्याच कपात ओतला आणि हातात दिला. नर्सबाईनं कपाकडे जरा बघितलं, मग प्यायल्या. साखर जास्त झाली म्हणाल्या. तेवढं सोडलं तर त्यांनी आमच्या घरातून काही नेलं नाही.

पुढचं सगळं निस्तरायला मीच होते. गंगू ओट्यावरून निघाली ती सरळ घरी गेलीच नाही, घरोघर गेली. बाळंतिणीच्या खोलीतून सुटका होऊन मी विहिरीवर जायला लागले तोपर्यंत माझी कीर्ती माझ्या आधी पोचली होती. बाया घागरी ठेवून विचारायच्या, "काय व, तू पैसे घेऊन बाळंत होत असतेस म्हणे? भाव काय लावला?" एकीनं तर विचारलं, जुळं झालं तर दुप्पट काय? मी म्हटलं, "हाव. अन् उधारी बंद."

पण त्या हसत हसत घरी जायच्या आणि विचार करायच्या. पुढच्या बाळंतपणात गल्लीतल्या एका सुनेनं सासूला सांगितलं, नर्सबाई घेत नाहीत तर ते लुगडं मले द्या. मग दुसरीनं मागितलं. मग ती पद्धतच पडली. गावातल्या साऱ्या सासवा मला रस्त्यात पाहून तोंड फिरवायच्या. मात्र एक झालं. ज्या घरांत द्यायला लुगडंच नव्हतं, त्या घरच्या बायाही नर्सबाईला बोलवायला लागल्या. द्यायचं नाही म्हटल्यावर लाज कशाची?

आता उलटं झालं आहे. नातवाच्या वेळी मोठ्या दवाखान्यात गेलो, तर आया पोर घेऊन दारातच उभी राहिली. "आजी, आधी खुशी, मंग दाखवतो." मी तिला म्हटलं, "काम माह्या सुनेनं केलं. तिले देतो." आया म्हणाली, "तुमच्या काळी असं होत असे काय?" मुलानं खिशातून नोट काढली आणि पोर आत आलं. मी सुनेच्या उशाशी वेगळे पैसे ठेवले. ती म्हणाली, "हे कशाले, आत्याबाई?" (आता आत्याबाई मीच.) मी म्हटलं, "ठेव. आपल्या घरात बाई फुकट बाळंत होत नाही."

त्या दिवशी देऊळघाटच्या त्या खोलीत गंगू, नर्सबाई, आत्याबाई, मी आणि ती पोरगी, इतक्या जणी होतो. सगळ्या वाचलो. पैसे घेऊन वाचलेली मी एकटीच.