दादा विलायतेला का गेला नाही

ही गोष्ट सांगायचं मी आजवर टाळत आलो. थोरल्या काकांना विलायतेच्या विद्यापीठात जागा मिळाली होती म्हणे, मग गेले का नाहीत, असं माझ्या मुलांनी विचारलं की मी म्हणायचो, शेती कोण बघणार होतं? हे खोटं नाही. पण ते अर्धंच आहे, आणि उरलेलं अर्धं फक्त मला ठाऊक आहे.

दादा माझ्याहून सहा वर्षांनी मोठा. इंटर होऊन तो फौजेत गेला आणि लढाई संपेपर्यंत इटलीतल्या एका वर्कशॉपात लष्करी मोटारी दुरुस्त करत राहिला. परतल्यावर त्याच्या साहेबानं शिफारस केली आणि फौजेतल्या मुलांसाठी राखलेल्या जागांतून इंग्लंडात इंजिनियरिंग शिकायला त्याचं नाव लागलं. अभ्यास तीन वर्षांचा. होय की नाही, ते महिन्याभरात कळवायचं होतं.

आमचं गाव कोरेगावजवळ. ऊस बंधाऱ्याच्या पाण्यावर. दर दहाव्या दिवशी दुपारपासून दिवस मावळेपर्यंत पाणी आमचं. रिवाज असा, की पाटाचं तोंड फोडतात त्या दाऱ्यावर घरचा पुरुष हजर पाहिजे. गडी चालत नसे. कुणी नसलं की पाटकरी पाणी पुढच्या रानात सोडून मोकळा. आबांचे, म्हणजे आमच्या वडिलांचे, गुडघे गेलेले. म्हणजे दादा गेला तर दाऱ्यावर मी, आणि माझं सांगलीचं कॉलेज तीन वर्षं बंद.

हे विचारायला दादा माझ्या खोलीवर आला. मी परत आलो की तू पुन्हा कॉलेजात जा, पण नीट विचार करून सांग, म्हणाला. मी विचार केलाच नाही. "तू जा, मी बघतो," म्हणून मोकळा झालो. त्या संध्याकाळी त्यानं मला पोटभर भडंग खाऊ घातलं.

आबांना माझा भरवसा नव्हता. दादाला साताऱ्याला डॉक्टरी तपासणीसाठी जायचं होतं आणि पाण्याचा दिवस नेमका तोच आला. आबा दादाला म्हणाले, "धाकट्याला बोलीव. त्यो वक्ताला दाऱ्यावर दिसला, तर तू खुशाल बोटीत बस."

मी सकाळच्या गाडीनं निघालो. कोरेगावच्या आधीचं स्टेशन रहिमतपूर. तिथं मी उतरलो. पाणी प्यायला उतरलो, असं मी स्वतःला पुष्कळ वर्षं सांगितलं. खरं म्हणजे कराड सुटल्यापासून माझ्या मनात एकच होतं: एकदा दाऱ्यावरचं खोरं हातात आलं की ते परत कुणी घेत नाही. गाडी माझ्यासमोर सुटली. मी बाकावर बसून राहिलो आणि ऊन कलल्यावर चालत गाव गाठलं. पाणी शेजाऱ्याच्या रानात खेळत होतं. तो म्हणाला, "या कालेजवाले. पाय धुवून घ्या, पानी लय हाय आमच्यात."

घरी मी सांगितलं, इंजिन बिघडलं, गाडी लेट झाली. दादा तपासणीत पास होऊन आला होता. त्यानं माझीच बाजू घेतली. गाडीला हा काय करणार, म्हणाला. आबा एवढंच बोलले, "आज गाडी, उद्या परीक्षा. पानी थांबत न्हाई."

तिसऱ्या दिवशी दादा मला कोरेगाव स्टेशनवर सोडायला आला. मास्तर त्याच्या ओळखीचे. सहज बोलता बोलता त्यानं विचारलं, परवा सकाळची गाडी किती लेट होती? मास्तर म्हणाले, वेळेवर होती की. दादानं माझ्याकडे पाहिलं नाही. गाडी आल्यावर माझं गाठोडं आत ठेवलं आणि खिडकीशी येऊन हळू आवाजात म्हणाला, "तोंडानं न्हाई म्हणायचं होतंस. मी गेलो नसतो. ह्ये असलं कशाला करायचं रं?"

मुदतीला अजून आठ दिवस होते. आबा, मी खोटं बोललो, पुढच्या पाण्याला येतो, एवढं पत्र पुरलं असतं. मी ते लिहिलं नाही. शेवटच्या दिवशी दादानं नकार कळवला. माझ्या लबाडीचं त्यानं आबांना कधीच सांगितलं नाही.

पण त्यानंतर त्यानं मला एकही काम सांगितलं नाही. सुट्टीत मी खोरं उचललं की "असू दे" म्हणून हातातून काढून घ्यायचा. त्याच्या मुलीच्या लग्नात मला वाढायलाही बोलावलं नाही. मानानं बसवून ठेवलं. आमच्याकडे काम सांगत नाहीत ते पाहुण्याला.

दादा अंथरुणाला खिळला तेव्हा मी सांगलीहून गेलो. वाटेत वाक्य जुळवत होतो. त्याच्याजवळ गावातलं कुणी बसलं होतं. दादानं माझी ओळख करून दिली, "ह्यो धाकटा. सांगलीला प्रोफेसर व्हता. घराचं नाव काढलं." त्याच्या बोलण्यात टोमणा आहे का, हे मी शोधत राहिलो. नव्हता. तो माणूस उठून गेला. अर्धा तास आम्ही दोघंच होतो. मी औषधांची चौकशी केली. रविवारी येतो म्हणालो. "ये," म्हणाला. रविवारपर्यंत तो राहिला नाही.

दादा, तू खोलीवर येऊन विचारलंस तेव्हाच मी नाही म्हणायला हवं होतं. तुला हो म्हणून फसवलं. माझं चुकलं.