न निवळणारं पाणी

माझी लेक सोलरवर संशोधन करते. गेल्या आठवड्यात तिने काळ्या पाण्याची एक बाटली आणून खिडकीत ठेवली. म्हणाली, "आई, यात डोळ्यांना न दिसणारे कण आहेत. ते ऊन पितात, म्हणून पाणी लवकर तापतं."

मी सवयीने म्हटलं, "राहू दे, निवळेल."

ती हसली. "निवळलं तर फुकट गेलं गं! हे कण खाली बसत नाहीत, म्हणून तर कामाचे."

गढूळ पाण्यात तुरटी फिरवायची आणि वाट पाहायची. पाणी असो की भांडण, गाळ शेवटी खाली बसतोच, या भरवशावर माझा जन्म गेला. ही बाटली मात्र अजून तशीच काळी आहे.

आता तसंच पाणी तिने गच्चीवरच्या सोलरच्या नळ्यांत भरलंय. "नळ्या बंद असतात, आंघोळीच्या पाण्यात ते येत नाही," ती म्हणाली.

"आणि गळलं तर?"

"काळं दिसेलच की."

"अगदी थोडंच गळलं तर?"

ती उठून नळ्यांचे सांधे पुन्हा तपासायला गच्चीवर गेली.

आज सकाळी आंघोळीची बादली भरली. पाणी तळापर्यंत नितळ होतं. तरी मी तुरटी शोधून आणली आणि फिरवत बसले, खाली काही बसतंय का ते पाहत.

काहीच बसलं नाही. तेव्हा जास्तच भीती वाटली.