असं म्हणत नाहीत

माझ्या बायकोचा समज आहे की माझ्याबद्दल तिला सगळं ठाऊक आहे. हे ठाऊक नाही. हे कुणालाच ठाऊक नाही, आणि तुम्हाला का सांगतोय तेही मला धड सांगता येणार नाही. फार मोठा गुन्हा वगैरे नाही. चोरी नाही, भानगड नाही. तीन शब्दांचं खोटं आहे, पण ते मी सहा वर्षं बोलतोय.

रेवा आणि मी मिळून एक विनोदी सिनेमा लिहीत होतो. रेवा इथलीच, मिशिगनमध्ये ट्रॉयला जन्मली, वाढली, शाळेत शिकवते. मी कऱ्हाडचा. एम.एस.ला आलो आणि गाड्यांच्या कंपनीत सॉफ्टवेअर लिहीत इथेच रुतलो. मंडळाच्या गणपतीत मी बसवलेली एकांकिका बघून ती आपणहून माझ्याकडे आली. म्हणाली, "दादा, मला मराठी फिल्म लिहायचीय. पण माझं मराठी एकदम ब्रोकन आहे. पार्टनर होशील?" मला काय, कुणी विचारायचीच खोटी होती.

गोष्ट साधी होती. साठीतलं एक मराठी जोडपं मुलाच्या लग्नाला मिशिगनहून कॅलिफोर्नियाला गाडीने निघतं आणि वाटभर भांडतं, एवढीच. दर शनिवारी दुपारी आम्ही लायब्ररीतल्या एका छोट्या खोलीत बसायचो. नियम रेवाचा होता: एकाने लिहिलेलं दुसऱ्याने मोठ्याने वाचायचं. वाचणारा हसला तर सीन राहणार, नाही हसला तर जाणार. वाद घालायचा नाही. आणि मराठीच्या बाबतीत शेवटचा शब्द माझा. साहजिकच होतं ना? ती "आजी आला" म्हणायची, "मी आंघोळ घेतला" म्हणायची. मी सांगायचो, "असं म्हणत नाहीत." ती मान डोलावून वहीत टिपून घ्यायची. तोवर ते खरं होतं, हे माझ्या बाजूने सांगून ठेवतो—म्हणजे बाजू म्हणून नाही, पण होतं.

मग तो शनिवार. त्या आठवड्यात मी मोटेलचा सीन लिहिला होता: काकू खोलीत चोरून मोदक उकडतात, पातेलं करपतं, धुराचा अलार्म वाजतो आणि काका टॉवेलवर बाहेर पळतात. रेवाने मन लावून वाचला. अगदी अलार्मचा आवाजसुद्धा काढला. हसली मात्र नाही. सीन गेला. मला राग आला—पण नियम म्हणजे नियम.

नंतर तिचा सीन मी वाचायला घेतला. गाडीत रस्ता सांगणारा बाईचा आवाज "डावीकडे वळा" म्हणतो आणि काका सरळ जातात. आवाज पुन्हा सांगतो, काका पुन्हा सरळ. तिसऱ्यांदाही तेच. तेव्हा काकू त्या आवाजाला म्हणतात, "अहो बाई, मनावर घेऊ नका हो. हे घरीसुद्धा कुणाचं ऐकत नाहीत." मग काकांकडे वळून, "त्या बिचाऱ्या तिसऱ्यांदा सांगतायत. एकदा तरी थँक्यू म्हणा!"

हसू माझ्या गळ्यापर्यंत आलं होतं. मी खोकलो. पाणी प्यायलो. खाली बघून पान उलटलं.

मला माहीत नव्हतं का? माझी कऱ्हाडची मावशी लिफ्टमधल्या आवाजाला "हो हो, आलेच" म्हणते. जन्मभर नवऱ्याला नावाने हाक न मारलेली बाई यंत्रालासुद्धा अहोच म्हणणार. सगळी गंमत त्या एका "अहो"त होती आणि ते हिला सुचलं होतं—जिला आजी आली की आला हे कळत नव्हतं, तिला. मला मत्सर वाटला. त्याला दुसरं नाव नाही, मी शोधून बघितलंय.

मी म्हणालो, "मशीनला कुणी अहो-जाहो करत नाही, रेवा. असं म्हणत नाहीत."

"पण दादा, माझी आई तर—" एवढं म्हणून ती थांबली. मग म्हणाली, "ओके. तीपण कितीतरी वर्षं इकडेच आहे. चुकत असेल तिचंपण." तिने "अहो"चं "अगं" केलं आणि सीन तिथल्या तिथे मेला. पुढच्या शनिवारी पुन्हा वाचला, कुणालाच हसू आलं नाही, आणि आम्ही तो काढूनच टाकला.

एकदा केलं ते एक वेळ समजू शकतं. पण मला ते जमलं हो! त्यानंतर मला न सुचलेलं काहीही चांगलं आलं की मी चेहरा पाडून तेच तीन शब्द म्हणायचो. वर्षभरात सिनेमात तिचं मराठी औषधालाही उरलं नाही. मंडळात आम्ही सबंध सिनेमा वाचून दाखवला तेव्हा लोक बेताचं हसले. एक काका येऊन म्हणाले, "भाषा मात्र अस्सल हो." मी आभार मानले.

त्या दिवशी परतताना माझ्या गाडीत शेजारी रेवा होती आणि मागे तिची आई, कुमुदकाकू. एका ठिकाणी मी वळायचं विसरलो. फोनमधली बाई पुन्हा रस्ता सांगायला लागली आणि मागून काकूंचा आवाज आला, "अहो बाई, जरा दमानं—"

आणि त्यांनी जीभ चावली.

"नाही का, असं म्हणत नाहीत म्हणे," त्या मला म्हणाल्या. "रेवा सांगत होती. पस्तीस वर्षं झाली ना इकडे येऊन, आमचं मराठी बिघडलंच." आणि पाहुण्यांसमोर चहा सांडल्यावर हसतात तशा हसल्या.

काय म्हणायला हवं होतं? "काकू, तुमचंच बरोबर आहे." चार शब्द. रेवा तिथेच होती, तिनेही ऐकले असते. मी म्हणालो, "चालतं हो काकू, इथे कोण बघतंय!" म्हणजे वर मोठेपणाही घेतला. मग फोनमधल्या बाईने सांगितलं तिथे वळलो. काकू आता माझ्याशी शाळेत निबंध वाचून दाखवल्यासारखं मराठी बोलतात, एकेक शब्द तपासून. मला ते ऐकवत नाही, पण मी ऐकतो.

सिनेमा झाला नाहीच. रेवा आता इंग्रजीत लिहिते, आणि चांगलं लिहिते. पण मराठीत दोन ओळी लिहायच्या असल्या तरी आधी मला पाठवते.

गेल्या महिन्यात काकूंना सत्तर वर्षं पूर्ण झाली. कार्डावर लिहायच्या चार ओळी रेवाने पाठवल्या—दादा, करेक्ट आहे का? शेवटची ओळ होती, "आई, तुझ्याशी बोललं की माझं पोट भरतं." चारही ओळींत एक चूक नव्हती. शेवटची मी तीनदा वाचली. तसं वाक्य मला उभ्या जन्मात सुचलेलं नाही.

मी कळवलं, "पोट जेवून भरतं. इथे मन म्हणतात." तिने लगेच खोडून "मन" केलं, आणि कार्ड तसंच काकूंच्या हातात गेलं.