मुनीमासाठी घेतलेला कॅमेरा

लोक कॅमेरा घेतात तो लग्नासाठी, बाळाचं नाव ठेवण्यासाठी, नाहीतर सहलीला जाताना. मी घेतला तो एका माणसाचं वाटोळं करायला. इतक्या वर्षांनी हे गुळमुळीत करून सांगण्यात अर्थ नाही. तेव्हा मी मवाळ नव्हते, आताही फारशी झालेले नाही.

ऐंशी सालच्या आगेमागे आम्ही नागपूरजवळ वाडीला, अमरावती रोडच्या कडेला, भाड्याच्या दोन खोल्यांत राहत होतो. आजूबाजूला सगळी ट्रान्सपोर्टची गोदामं. मी शाळेत शिकवत होते. बाबांची जुनी मोटार होती, ती ते भाड्याने चालवत. स्टेशनवरची सवारी, लग्नाचा नवरदेव, कुहीकडच्या गावातला एखादा पेशंट, जे मिळेल ते. आई गेल्यापासून घरात आम्ही दोघंच.

बाबा दारू पीत नसत, आणि ही आमच्या घरातली मोठी गोष्ट होती. त्यांचे वडील दारूने गेले. तरुणपणी बाबाही घेत. छप्पन साली त्यांनी नागपुरात बौद्ध धम्माची दीक्षा घेतली आणि त्या दिवसापासून थेंबाला शिवले नाहीत. दर रविवारी पांढरा सदरा घालून विहारात जायचे, पुढच्या रांगेत बसायचे. वस्तीतल्या कोणाला दारू सोडायची असली, की लोक त्याला बाबांकडे पाठवायचे.

एका दुपारी समोरच्या गोदामाच्या फाटकातून एक ट्रक उलटा बाहेर आला. मागे उभं राहून 'आने दो, आने दो' म्हणणारा क्लीनर नव्हता. बाबांची मोटार रस्त्याच्या कडेला उभी होती आणि बाबा आत बसले होते. ट्रकने मोटारीचं नाक पार चेपून टाकलं. चूक कोणाची हे आंधळ्यालाही दिसलं असतं, पण गोदामाचा मुनीम आमच्या आधी ठाण्यात पोचला.

मी शाळेतून तशीच तिकडे गेले. मुनीम पान चघळत हवालदाराच्या टेबलाशी उभा होता.

"बुढा पिऊन होता, साहेब," तो सांगत होता. "यानंच गाडी आणून ठोकली. विचारा आमच्या हमालायले."

हमालांनी माना डोलावल्या. त्यांना दुसऱ्या दिवशी त्याच गोदामात पाठीवर पोतं घ्यायचं होतं, त्यांच्यावर मी कधी रागावले नाही. चोराच्या उलट्या बोंबा होत्या त्या मुनीमाच्या.

बाबा पुढे झाले. "साहेब, माह्या तोंडाचा वास घेऊन पाहा," म्हणाले, आणि त्यांनी डॉक्टरपुढे उघडावं तसं तोंड उघडलं. हवालदाराने खुर्ची मागे सरकवली. "राहू द्या, राहू द्या," म्हणाला. वास कोणीच घेतला नाही आणि मुनीम हसला.

त्या हसण्याने माझी झोप उडाली. गोष्ट वस्तीत पसरायला वेळ लागला नाही. पानठेल्यावर कोणीतरी बाबांना ऐकवलं, "काहून गा, आता दुसऱ्यायची कशी सोडवसान?" तेव्हापासून त्यांनी विहारात जाणं बंद केलं. रविवारी पांढरा सदरा घालायचे आणि घरातच बसायचे. मला मोटारीच्या नाकाचं काही नव्हतं, ते ठोकून सरळ झालं. मला बाबा पुन्हा त्या पुढच्या रांगेत बसलेले पाहायचे होते, आणि त्या मुनीमाचं उट्टं काढायचं होतं. खरं सांगायचं तर दुसऱ्या गोष्टीची घाई मला जास्त होती.

ट्रक तसाच, मागे न पाहता, वरचेवर बाहेर यायचा. पुढच्या वेळी तो पकडायचा, नंबरासकट आणि उघड्या फाटकासकट, असं मी ठरवलं. तोंडाचा वास कोणी घेत नसेल, तर डोळ्यांपुढे धरता येईल असं काहीतरी हवं होतं.

सीताबर्डीच्या दुकानदाराने आधी डब्बा कॅमेरा काढला. तो पोटाशी धरून वरून आत पाहायचं. मोटार चालवणारा माणूस पोटाशी काय धरणार? मग भात्याचा दाखवला. दिसायला देखणा, पण वाडीची धूळ त्या भात्यात आठवडाभरात घर करून बसली असती. काचेच्या कपाटातला जपानी मी नुसता पाहिला. शेवटी एक जुना, छोटा, कोपऱ्यात पोचा आलेला हाती लागला.

"शादी-ब्याहसाठी पाह्यजे का, मॅडम?" दुकानदाराने विचारलं.

"मोटारीत ठेवाचा हाये. समोरच्या ट्रकचा नंबर साफ याले पाह्यजे."

"ट्रकचे फोटो काहून काढता जी?"

"मले आवडतात ट्रक," मी म्हणाले.

त्याने पुढे विचारलं नाही. उलट कामाची गोष्ट सांगितली. फोकसचं अंतर एकदा लांबवर लावून ठेवलं, की उन्हात दरवेळी फिरवावं लागत नाही. आणि बटणावर बसवायची एक लवचिक तार मिळते, सायकलच्या ब्रेकच्या तारेसारखी. तिचं टोक दाबलं की फोटो निघतो. तार पाहिली आणि माझा निर्णय झाला.

सुताराकडून लाकडी खोका करून घेतला. तो मोटारीत काचेमागे ठोकला, त्यात कॅमेरा सायकलच्या ट्यूबने आवळला आणि तार स्टिअरिंगपाशी आणली.

"हे काय बांधून राहिली वं?" बाबांनी विचारलं.

"तुमचा साक्षीदार."

"मले नाही लागत साक्षीदार."

"लागते बाबा. ठाण्यात पाह्यलं न आपण."

त्यांनी कॅमेरा काढला नाही, पण दाबलाही नाही. ट्रक दोनदा अंगावर आला, दोन्ही वेळा त्यांनी नुसता ब्रेक मारला. विचारलं की म्हणायचे, हात मोकळा नव्हता. मग सुटीच्या दिवशी मीच त्यांच्या शेजारी तार मुठीत धरून बसू लागले.

दसरा आला. आमच्यासाठी तो दीक्षेचा दिवस. खेड्यापाड्यांतून माणसं नागपुरात उतरतात, बाबांना श्वास घ्यायला सवड नसायची. सवाऱ्या सोडून दुपारी आम्ही जेवायला वाडीला परतत होतो, तोच गोदामातून ट्रक उलटा रस्त्यावर आला. मागे कोणी नाही. बाबांनी ब्रेक मारला आणि मी तार दाबली. सापडला एकदाचा, म्हणून मी वाटेत स्वतःशीच हसत होते.

फोटो धुऊन आला तेव्हा हसणं विरलं. नंबर नव्हता. दसऱ्याला ट्रक धुतात, पुजतात, पुढे-मागे झेंडूने मढवतात, हे शेंबड्या पोरालाही माहीत असतं. आमच्याकडे पूजा बंद होऊन इतकी वर्षं झाली होती, की ते माझ्या ध्यानातच आलं नाही. नंबराच्या पाटीवर बोटभर जागा मोकळी नव्हती.

फोटो फाडणार होते, तेवढ्यात कडेला लक्ष गेलं. फाटकाच्या खांबाला टेकून मुनीम उकिडवा बसला होता. कपाळाला कुंकू, गळ्यात हार, आणि तोंडाला लावलेली बाटली. इतका स्पष्ट, की नरड्याची घाटीसुद्धा दिसत होती.

मी तो फोटो मोठा करून घेतला. गोदामाच्या मालकाची गांधीबागेत कपड्याची पेढी होती. माणूस कांदासुद्धा न खाणारा, हे सगळ्या वाडीला ठाऊक होतं. मी त्याच्या पांढऱ्या गादीवर फोटो ठेवला. त्याने बराच वेळ पाहिला, मग पालथा घातला. "चाय लेंगे आप?" एवढंच म्हणाला. मी नको म्हटलं आणि बाहेर येऊन एका टपरीवर उभ्या उभ्या, एकटीने, तर्री-पोहे खाल्ले. तसे पोहे मी पुन्हा कधी खाल्ले नाहीत.

दिवाळीच्या आत मुनीमाला काढलं. तो ट्रंक घेऊन रिक्षात बसला तेव्हा मी मुद्दाम दारात उभी होते. त्याने माझ्याकडे पाहिलं. मी हसले, ठाण्यात तो हसला होता तेवढंच.

फोटोची बातमी विहारापर्यंत गेली होती. पुढच्याच संध्याकाळी तिथले दोघं वडीलधारे घरी आले. माझी छाती फुगली. आता बाबांना हाताला धरून नेतील, असं वाटलं.

"तुमच्या पोरीनं मुनीमाले बराबर धरलं गा," त्यातले एक बशीत चहा ओतत म्हणाले. "त्यानं तुमचं सांगतलं, तुमी त्याचं दाखवलं. फिट्टंफाट झाली. आता मनात नका ठेवू, होते माणसाच्या हातून एखांद्या वेळेस."

ते चांगुलपणानेच बोलत होते. बाबांनी मान हलवली, त्यांना रस्त्यापर्यंत सोडलं आणि परत येऊन खाटेवर बसले. मला म्हणाले, "तो पेते, हे साऱ्यायनं पाह्यलं. मी पेत नाही, याचा फोटो कसा काढशीन वं पोरी?"

मुनीमाला घालवल्याचं मला तेव्हाही वाईट वाटलं नाही, आजही वाटत नाही. पण बाबांसाठी माझ्या हातात काहीच उरलं नव्हतं.

त्या रविवारीही ते विहारात गेले नाहीत. विहाराच्या भोंग्यावरून वंदना ऐकू येऊ लागली, तसे ते पांढरा सदरा घालून दारात येऊन उभे राहिले आणि हात जोडून मागोमाग म्हणू लागले. पंचशीलातलं पाचवं, दारूपासून दूर राहण्याचं शील आलं, तेव्हा त्यांनी आवाज इतका चढवला, की शेजारपाजारची माणसं बाहेर येऊन पाहू लागली. भोंगा पुढे निघून गेला होता. बाबा तेच एक शील पुन्हा पुन्हा म्हणत राहिले.