विद्याधरनं केलेला मागचा नांगर

अंबत्तूरच्या त्या गल्लीत वेल्डर तीस असतील, पण विद्याधरचा जोड सुटला असं सांगणारा अजून जन्मला नाही. नववीत शाळा सुटली, मिरजेहून बापाच्या मागं चेन्नईला आला. धाकट्या भावाला, प्राणेशला, त्यानंच इंजिनियर केलं. हे तो चहावाल्यालाही सांगतो. प्राणेश शेजारी असला तर दोनदा सांगतो.

त्या प्राणेशनं सहा वर्षं सुट्टीचा एकेक दिवस घालून चेन्नईजवळच्या कोवलमला लाकडी शिडाची बोट बांधली, आत झोपायची सोय असलेली. पोंगल झाला की तिच्यातून पुदुच्चेरी गाठायची, एवढंच त्याचं वेड. खाडीच्या तोंडाशी मासेमारीच्या बोटींची दाटी. बोट वाऱ्यानं फिरली की शेजारच्यांवर आदळणार. म्हणून तिला मागून धरायला दुसरा नांगर हवा होता.

"दादा, हलका घेऊ, आठ किलोचा. थोडी साखळी, मग नायलॉनचा दोर."

"दोर म्हशीला बांधतात. मी करतो."

विद्याधरनं वीस किलोचा नांगर केला आणि सगळी साखळीच लावली. खाडीतले नांगर चोरीला जातात म्हणे, म्हणून लाकडावर ओलं पोतं धरून साखळीचं टोक बोटीच्या मागच्या कडीला वेल्डच करून टाकलं.

शेजारच्या होडीतून सुब्बा मच्छीमार बघत होता. "अण्णा, मागचा नांगर पटकन सोडता आला पाहिजे. वारा आडवा आला तर तो सोडायचा, बोट आपोआप वाऱ्याला तोंड देते."

"तुझी जाळी सुटत असतील. माझा जोड सुटत नाही."

"दादा, तो बरोबर..." प्राणेश म्हणाला.

"तुमची डिग्री कुणाच्या वेल्डिंगवर झाली, साहेब?"



पंधराव्या दिवशी सकाळी वारा उत्तरेला फिरला. बोटीचं तोंड पूर्वेला, दोन्ही टोकांना नांगर, आणि लाटा थेट कुशीवर. सुब्बानं दोघा भावांना आपल्या होडीतून नेलं. प्राणेश उडी मारून बोटीवर चढला आणि हॅक्सॉनं साखळी कापायला लागला. आठ मिलिमीटरची कडी. तिसऱ्या लाटेला साखळी ताठली आणि त्याची दोन बोटं तुटून कडीत राहिली. सुब्बानं त्याला कॉलर धरून ओढून घेतलं. बोट पाणी भरून आडवी झाली ती झालीच.

दुपारी मच्छीमारांनी ट्रॅक्टर लावून साखळी ओढली, तेव्हा नांगरासोबत बोटीची मागची फळी उपटून आली.

विद्याधर तो फळीचा तुकडा घेऊनच हॉस्पिटलात गेला. "बघ. लाकूड फाटलं, माझा जोड तसाच आहे."

प्राणेशनं पट्टी बांधलेला हात पांघरुणात घेतला आणि भिंतीकडे तोंड केलं.

तो नांगर आता शेडच्या दारात टांगलाय, फळीसकट. नवं गिऱ्हाईक आलं की विद्याधर आधी तो दाखवतो. प्राणेश तेव्हापासून आला नाही, त्यानं दादा म्हणून हाकही मारली नाही. विद्याधर म्हणतो, बोटांचं दुखणं आहे, जाईल.