मीटर न लावता

ती घटना आठवली की आजही मी आधी एका बाईंचे मनापासून आभार मानतो.

तेव्हा मी अक्कलकोट रोड एमआयडीसीच्या भागात तपास अधिकारी होतो. खबऱ्याने सांगितलं, टॉवेलच्या कारखान्यातल्या एका कामगाराची मेहुण्याशी हाणामारी झाली आणि तेव्हापासून मेहुणा दिसलेला नाही. बेपत्ता असल्याची तक्रार कामगाराच्या बायकोनेच दिली होती. नवऱ्याला चौकशीला आणलं, तेव्हा ती बाहेरच्या बाकावर येऊन बसली. भाऊ जिवंत आहे का, आणि नवऱ्याने त्याला मारलं का, हे दोन्ही प्रश्न तिचेच होते.

"भांडान झालं, व्हय," नवरा म्हणाला. "पन संध्याकाळी त्यानंच बोलून मेसेज धाडला, सायेब. लूमच्या आवाजात ऐकू येईना. भायेर जाऊन ऐकावा म्हनलं, तर फोनच बंद पडला."

"बरा वेळेवर पडला!" मी म्हणालो. नवी बॅटरी घालूनही फोन उठेना. आत पांढरी भुकटी दिसली. यानेच तो मुद्दाम बिघडवला, अशी माझी खात्री झाली आणि अटकेचे कागद तयार करायला मी सांगून टाकलं.

तरी एक प्रयत्न म्हणून वरिष्ठांच्या परवानगीने, पंचांसमक्ष, शुक्रवार पेठेतल्या मोबाइल दुरुस्त करणाऱ्या बाईंना बोलावलं. घरी तेलुगू बोलणाऱ्या, विणकराच्या घरातल्या. भुकटी पाहून त्या हसल्या.

"साहेब, ही सुताची धूळ आहे की! कारखान्यातले सगळे फोन असेच येतात."

मी खजील झालो. त्यांनी बोर्ड सुटा करून मीटरमधून वीज दिली. फोनचं बटण न दाबताच मीटरवर विजेचा आकडा चढला. "बॅटरी नाही, बोर्डात शॉर्ट आहे." मग बोर्डावर स्पिरिट पसरलं. खसखशीएवढ्या एका भागावरचं तेवढं झटकन उडालं. "हाच तापतोय. ह्याच्यावाचून फोन चालतो." तो उचलून काढला आणि फोन सुरू झाला. मी मेहुण्याचा तो मेसेज लावला.

"दाजी, चुकलं माजं. टेंभुर्नीला ढाब्यावर हाय. राग गेला की येतो. ताईला सांगा."

आवाज बाकापर्यंत गेला. ती धावत आत आली. "सायेब, परत लावा की!" मी तीनदा लावला.

त्याच दिवशी आमचं पथक त्याला घेऊन आलं. भावाला आधी धपाटा घालून मगच ती रडली. मी तिच्या नवऱ्याची माफी मागितली. एक निरपराध माणूस माझ्या हातून आत जायचा वाचला, हे उपकार त्या दुरुस्तीवाल्या बाईंचे.

हत्यारं आवरताना मी त्यांना म्हणालो, "मेलेला फोन उठवलात तुम्ही."

"आम्ही मीटर लावल्याशिवाय मेला म्हणत नाही, साहेब."

मी मात्र मीटर न लावताच एका माणसाला मेलेला आणि दुसऱ्याला खुनी ठरवून बसलो होतो.